श्रीलंकेत पहिल्यांदाच भटकायला जाताय? आधी महिना बघा

श्रीलंकेचा नकाशा फसवतो. देश ६५,६१० चौरस किलोमीटरचा, म्हणजे साधारण महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढा. त्यामुळे पहिल्यांदा जाणारी मंडळी सहा दिवसांत सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला, मिरिस्सा, गॉल आणि कोलंबो अशी यादी करतात आणि निम्मी सहल गाडीच्या काचेतून बघून परततात. अंतरं कमी असली तरी रस्ते वळणांचे आणि वस्तीतून जाणारे आहेत. कँडी ते नुवारा एलिया साधारण पाऊणशे किलोमीटरच, पण घाट चढायला अडीच तास सहज लागतात. घाटात ताशी तीस किलोमीटर धरूनच हिशेब करा.

हा लेख जंगल, डोंगर आणि समुद्रासाठी जाणाऱ्यांसाठी आहे. रामायणातल्या स्थळांची यात्रा हा वेगळा विषय आहे आणि ती घडवणाऱ्या सहल कंपन्या आपल्याकडे भरपूर आहेत.

१. महिना ठरवा, मग बेटाची बाजू

विमानाचं तिकीट काढण्याआधी एवढं समजून घेतलंत तर पुढचं बरंच सोपं होतं. श्रीलंकेत पाऊस दोन बाजूंनी येतो. नैऋत्य मोसमी पाऊस, म्हणजे आपल्याकडचाच, मे ते सप्टेंबरमध्ये दक्षिण-पश्चिम किनारा आणि डोंगरांचा पश्चिम उतार धुऊन काढतो. त्या काळात मिरिस्सा, वेलिगामा, हिक्कडुवा इथला समुद्र खवळलेला असतो. पण तेव्हाच डोंगरांच्या पलीकडे, त्रिंकोमालीपासून अरुगम बेपर्यंतच्या पूर्व किनाऱ्यावर कडक ऊन आणि शांत पाणी असतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचा पाऊस येतो आणि चित्र उलटं होतं : पूर्वेला पाऊस, दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर उत्तम हवा.

आता हे आपल्या सुट्ट्यांवर बसवून बघू.

नाताळची सुट्टी आणि जानेवारी ते मार्च : दक्षिण किनारा, व्हेल, श्रीपाद शिखर. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हाच काळ सर्वांत चांगला आणि अर्थातच सर्वांत महाग. फेब्रुवारी, मार्चमध्ये डोंगरातली हवाही बरीच कोरडी असते.

मे महिन्याची सुट्टी : दक्षिणेचा मोह सोडा, पूर्वेला जा. एप्रिलच्या मध्यावर, १३-१४ तारखेच्या आसपास सिंहली आणि तमीळ नववर्ष येतं. तेव्हा कितीतरी दुकानं आणि खाणावळी बंद असतात, ड्रायव्हर आपापल्या गावी गेलेले असतात आणि गाड्या ओसंडून वाहतात. ते चार-पाच दिवस टाळा.

दिवाळीची सुट्टी : माझं मत विचाराल तर या सुट्टीत जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्याच बेटावर दुपारनंतर विजांसह पाऊस कोसळतो, आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही हाच हंगाम. २०२५च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या ‘डिटवा’ चक्रीवादळाने डोंगराळ भागात दरडी कोसळून शेकडो माणसं दगावली आणि रेल्वेमार्गाचंही मोठं नुकसान झालं. स्वस्त पॅकेज दिसलं की ते कोणत्या महिन्यातलं आहे, हे आधी पाहा.

२. मुक्काम कमी, रात्री जास्त

आठ-नऊ रात्री असतील तर पाच, फार तर सहा मुक्काम करा. त्याहून जास्त केलेत तर रोज सकाळी बॅगा भरण्यातच वेळ जाईल.

डिसेंबर ते मार्चसाठी मी सुचवीन तो मार्ग असा. विमानतळ कोलंबो शहरात नाही, उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कटुनायकेला आहे. तिथून कोलंबोत न शिरता थेट सिगिरिया गाठा, चारेक तास लागतात. दोन रात्री तिथे. मग कँडीत एक रात्र, नुवारा एलियाला एक, एल्लाला दोन. तिथून खाली उतरून हत्तींच्या उडावलवे उद्यानाजवळ एक रात्र आणि शेवटी वेलिगामा किंवा मिरिस्साला दोन. परतताना दक्षिण द्रुतगती महामार्गाने विमानतळ तीन तासांच्या आसपास. पहाटेचं विमान असेल तर शेवटची रात्र विमानतळाशेजारच्या निगोंबोत काढा.

मे ते सप्टेंबरमध्ये सिगिरियाहून कँडीऐवजी त्रिंकोमालीला जा आणि नंतर एल्लामार्गे अरुगम बे. एल्ला डोंगरांच्या पूर्व अंगाला असल्याने नैऋत्य पावसाच्या पर्जन्यछायेत येतं. म्हणून नुवारा एलिया भिजत असतं तेव्हाही एल्लाला चांगली उघडीप मिळू शकते. अरुगम बेहून विमानतळ मात्र खूप लांब, जवळजवळ अख्खा दिवस. मध्ये एक मुक्काम धरा.

गॉलचा किल्ला दक्षिणेहून परतताना वाटेतच लागतो. दोन-तीन तास पुरे.

३. कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर जाताना ‘ईटीए’ ही ऑनलाइन परवानगी निघण्याआधीच घेतलेली बरी. तिची फी आणि नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे मित्राच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका. अर्ज श्रीलंका सरकारच्या वेबसाइटवरच करा. पत्ता ‘जीओव्ही डॉट एलके’ने संपतो ना, एवढं तपासा. तिच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी वेबसाइट वर जादा पैसे घेतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

एका भारतीय रुपयाला तीनपेक्षा जास्त श्रीलंकन रुपये मिळतात. त्यामुळे जेवणाचं बिल बघून दचकायला होतं, मग हिशेब केला की हायसं वाटतं. डॉलर नेऊन विमानतळावर बदलून घेणं किंवा कार्डाने एटीएममधून काढणं, दोन्ही चालतं. फेब्रुवारी २०२४पासून काही दुकानांत यूपीआयही चालतं, पण जंगलाच्या फाटकावर आणि टुकटुकवाल्याकडे रोख पैसेच लागतील.

परदेशी पर्यटकांसाठी राष्ट्रीय उद्यानांचे आणि मोठ्या स्थळांचे दर बरेच चढे असतात. सिगिरियासारख्या ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, पण पासपोर्ट दाखवावा लागतो. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आलात तर पूर्ण दर भरा. प्रत्येक खिडकीवर सार्कचा दर आहे का, हे आपणहून विचारा.

वेळ भारताचीच, घड्याळ बदलायला नको. प्लग मात्र बऱ्याच ठिकाणी तीन चपट्या पिनांचे, तेव्हा अडॅप्टर न्या.

४. गाडी, आगगाडी, टुकटुक

चार माणसं असतील तर ड्रायव्हरसह गाडी ठरवणं सोयीचं पडतं. ठरवताना रोजचे किती किलोमीटर, पेट्रोल, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाचा खर्च, यातलं काय भाड्यात धरलंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. वाटेतली मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान, बाटिकचा कारखाना इथे थांबायचं नसेल तर पहिल्याच दिवशी हसून सांगा. ड्रायव्हर वयाने मोठा असेल तर ‘अय्या’ म्हणजे दादा म्हणा, तरुण असेल तर ‘मल्ली’. तमीळ असेल तर ‘अण्णा’. शहरांत टुकटुकसाठी ‘पिकमी’ अ‍ॅप वापरलंत की घासाघीस करावी लागत नाही.

लाल सरकारी बस सगळीकडे जातात, स्वस्त आहेत आणि वेगात हाकतात. दाराजवळच्या पहिल्या जागा भिक्खूंसाठी राखीव असतात, तिथे बसू नका.

कँडी ते एल्ला ही आगगाडी जगभर गाजली आहे. चहाचे मळे, बोगदे, ढग सगळं खरं आहे, पण प्रवास सहा-सात तासांचा. मुलं तिसऱ्या तासाला कंटाळतात. त्यापेक्षा नुवारा एलियाजवळच्या नानू ओया स्टेशनापासून एल्लापर्यंतचा तुकडा करा, तीनेक तासांचा आणि सर्वांत देखणा. वाटेत १,८९८ मीटरवरचं पट्टीपोला लागतं, देशातलं सर्वांत उंच स्टेशन. आरक्षण साधारण महिनाभर आधी खुलतं आणि बघता बघता संपतं. नाही मिळालं तर त्याच दिवशी खिडकीवर बिनआरक्षणाचं तिकीट मिळतं, उभं राहायची तयारी ठेवा. दारात लोंबकळून फोटो काढण्याच्या नादात पर्यटकांचे जीव गेले आहेत, बोगद्याच्या भिंती डब्याला अगदी खेटून असतात. चक्रीवादळानंतर मार्गाचा कोणता भाग सुरू आहे, याचीही निघण्यापूर्वी खात्री करा.

५. डोंगर

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना श्रीलंकेचे डोंगर अर्धे ओळखीचे वाटतील, आणि त्याला कारण आहे. जैवविविधतेच्या जागतिक नकाशावर पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून एकच प्रदेश धरला जातो. फरक पडतो उंचीत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, तर इथलं पिदुरुतलगल २,५२४ मीटर. नुवारा एलियाला पहाटे चांगलाच गारठा असतो. स्वेटर लागतोच.

श्रीपाद, म्हणजेच अ‍ॅडम्स पीक, २,२४३ मीटर. माथ्यावरचा पावलाचा ठसा बौद्धांसाठी बुद्धाचा, हिंदूंसाठी शिवाचा, मुसलमान आणि ख्रिस्ती लोकांसाठी आदमाचा, त्यामुळे वाटेवर सगळेच भेटतात. यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या पौर्णिमेपर्यंत. तेव्हा रात्रभर पायऱ्यांवर दिवे असतात, चहाच्या टपऱ्या उघड्या असतात. हॅटनला आगगाडीतून उतरून नल्लतन्नीला मुक्काम करायचा आणि दोनच्या सुमारास चढायला लागायचं. पाच हजारांवर पायऱ्या आहेत, तीन-चार तास धरा. सूर्य उगवताना पश्चिमेच्या धुक्यावर शिखराची त्रिकोणी सावली पडते. सगळे पूर्वेकडे मोबाइल धरून उभे असतात, तुम्ही मागे वळून बघा. वर घंटा आहे. जितक्यांदा चढलात तितके टोल द्यायचे असा रिवाज आहे, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच. गुडघे दुखतात ते उतरताना, काठी न्या. पौर्णिमा आणि शनिवार-रविवारी पायऱ्यांवर मुंगीच्या पावलांनी सरकावं लागतं, तो दिवस टाळा. हंगामाबाहेर अंधार, वारा आणि पाऊस असतो. नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

इतकी दमछाक नको असेल तर हॉर्टन प्लेन्स. दोन हजार मीटरहून उंच असलेलं गवताळ पठार, त्यावर नऊ-साडेनऊ किलोमीटरची गोल वाट. मध्ये ‘वर्ल्ड्स एंड’ हा कडा, सुमारे ८७० मीटर सरळ खाली. सकाळी नऊ-दहानंतर दरीतून ढग वर येतात आणि मग पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून फाटक उघडायच्या वेळी तिथे हजर राहायचं, म्हणजे नुवारा एलियाहून पहाटे पाचच्या आत निघायचं. फाटकावर पिशव्या तपासून प्लास्टिकची वेष्टनं काढून घेतात, तेव्हा खाऊ डब्यातून न्या. वाटेवर सांबरं अगदी जवळ येतात, त्यांना बिस्किटं देऊ नका.

एल्लाला लिटल अ‍ॅडम्स पीक हा तासाभराचा सोपा चढ आहे, आजी-आजोबाही करतात. १९२१ साली पुरा झालेला नऊ कमानींचा पूल बघायला दुपारी झुंबड उडते, सकाळी लवकर जा. पूल चालत ओलांडणाऱ्यांनी कान उघडे ठेवावेत, त्यावरून गाड्या खरोखर धावतात.

आणि ज्यांना गर्दीच नको त्यांच्यासाठी ‘पेको ट्रेल’ आहे. ब्रिटिश काळातल्या चहामळ्यांच्या जुन्या वाटा जोडून केलेला, तीनशे किलोमीटरहून लांब, बावीस टप्प्यांचा मार्ग. सगळा करायची गरज नाही. एल्लाच्या आसपासचा एखादा टप्पा दिवसभरात होतो, पानं खुडणाऱ्या बायका आणि मळ्यातल्या तमीळ वस्त्या जवळून दिसतात. फोटो विचारून काढा. आत जाण्यासाठी परवाना लागतो का, ते त्या वेळी विचारून घ्या.

६. जंगल

सगळे ‘याला’ राष्ट्रीय उद्यानाकडे धावतात, कारण बिबट्या. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, त्यामुळे बिबट्याच सर्वांत वरचा शिकारी. आपल्याकडच्यासारखा तो दबून राहत नाही, भर दिवसा खडकावर पसरलेला दिसू शकतो. पण यालाच्या पहिल्या विभागात बिबट्याची खबर फुटली की जीपांचा ताफा धुरळा उडवत एकाच झाडाखाली जमा होतो. त्यात मला रस वाटत नाही. शिवाय कोरड्या हंगामामुळे सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा विभाग बहुधा बंद असतो. बिबट्याच बघायचा असेल तर वायव्येचं विल्पट्टू बघा. देशातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान, नैसर्गिक तळी, गर्दी कमी. तिथे तो दिसेलच असं नाही, हे मान्य करून जा.

मुलं बरोबर असतील तर उडावलवे. मोकळं माळरान, बारा महिने हत्ती. इथल्या बहुतेक नरांनाही सुळे नसतात, म्हणून सगळ्याच हत्तिणी आहेत असं समजू नका. जुलै ते सप्टेंबरमध्ये सिगिरियाजवळच्या मिन्नेरियाला प्राधान्य द्या. राजा महासेनाने तिसऱ्या शतकात बांधलेल्या तलावाचं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत येतं आणि ते खायला हत्तींचे कळप एकत्र येतात. हत्तीच्या पाठीवर बसवणाऱ्या ठिकाणी पैसे देऊ नका, एवढीच विनंती.

जीप मुक्कामाच्या ठिकाणाहूनच ठरवा. प्रवेश फी, जीपचं भाडं, सेवा शुल्क आणि कर वेगवेगळे असतात, एकूण आकडा विचारा. चालकाला आधीच सांगा की धावाधाव नको, हळू चालव. निम्म्या वेळेला त्याने एका पाणवठ्यावर गाडी बंद करून उभी ठेवली तर जास्त दिसतं.

दक्षिणेकडचं सिंहराजा हे खरं वर्षावन. इथे जीप नाही, वाटाड्या घेऊन पायी फिरायचं. निळा मॅगपाय हा फक्त श्रीलंकेतच सापडणारा पक्षी इथे भेटू शकतो. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकाच थव्याने झाडांच्या शेंड्यांतून सरकत जातात, तो थवा गाठणं हेच वाटाड्याचं कसब. देनियायाहून जाणारी वाट दक्षिण किनाऱ्याच्या प्रवासात बसते. जळवा असतातच. जाड विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे तिथे मिळतात, ते चढवा आणि दर दहा मिनिटांनी पाय तपासा. लागलीच तर नखाने कडेने सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण ती ते गोठू देत नाही. घाबरू नका, जखम धुऊन दाबून धरा.

सिगिरियाचा किल्ला जंगलात नाही, पण तिथल्या गांधीलमाश्यांची पोळी खरी आहेत. राजा कश्यपाने पाचव्या शतकात या दोनशे मीटरच्या खडकावर राजवाडा बांधला. वर सुमारे बाराशे पायऱ्या. फाटक उघडताच चढा आणि शांत राहण्याच्या पाट्या गंभीरपणे घ्या.

७. समुद्र

आपल्यातल्या अनेकांना पोहता येत नाही, आणि लाटेत गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की काही होत नाही असा समज असतो. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पाण्याला जबर ओढ असते. लाल बावटा असेल तर पाय भिजवायलाही उतरू नका, आणि पावसाळ्यात दक्षिणेला उतरूच नका. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर सरका आणि हात वर करून हाक मारा.

सर्फिंग शिकायला वेलिगामासारखी जागा नाही : उथळ, वाळूचा तळ, बुटक्या लाटा. फळी आणि शिकवणारा दोन्ही किनाऱ्यावरच मिळतात. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये मिरिस्साहून सकाळी व्हेल बघायला होड्या निघतात. इथे भूखंडमंचाची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाची, कड किनाऱ्यापासून फार लांब नसल्याने निळा देवमासा, जगातला सर्वांत मोठा प्राणी, तुलनेने जवळ येतो. उलटीची गोळी होडीत बसल्यावर नाही, अर्धा तास आधी घ्या. देवमाशाच्या अंगावर होडी घालणाऱ्यांकडे जाऊ नका. अंतर राखतो का, हे बुकिंग करतानाच विचारा. मे ते सप्टेंबरमध्ये पूर्वेला, निलावेलीसमोरच्या पिजन आयलंडला स्नॉर्कलिंग छान होतं. तारकर्लीत पाण्याखाली डोकावला असाल तर भीती वाटणार नाही. लाइफ जॅकेट घाला आणि प्रवाळावर पाय ठेवू नका, एका पावलाने कित्येक वर्षांची वाढ मोडते.

८. पोटोबा आणि देऊळ

राइस अँड करी मागवलंत की भाताभोवती चार-पाच वाट्या येतात : डाळ म्हणजे परिप्पू, कोवळ्या फणसाची पोलोस, कधी नीरफणस, एखादी पालेभाजी. नारळाच्या दुधाचा हात सढळ असतो, मालवणी माणूस पहिल्या घासाला रुळतो. सकाळी अप्पा म्हणजे अप्पम आणि इंदियाप्पा म्हणजे तांदळाच्या शेवया, शेवटी मातीच्या भांड्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर भेरली माडाच्या रसाची काकवी. ती चुकवू नका.

शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहावं. पोल संबोल ही नारळाची लाल चटणी दिसायला निरुपद्रवी, पण तिच्यात बहुधा उंबलकड, म्हणजे सुक्या माशाचा चुरा असतो. भाज्यांतही पडतो. ‘व्हेज’ म्हटलं तरी तो मोजला जात नाही. ‘मालु एपा, मस एपा, उंबलकड एपा’ एवढं पाठ करा : मासे नको, मांस नको, चुरा नको. तमीळ खाणावळीवर ‘सैव’ अशी पाटी दिसली तर निःशंक आत शिरा.

देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला-टोपी बाहेर. दुपारी दगड तापतात, मोजे चालतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, हा तिथे अपमान समजतात. दर पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते, त्या दिवशी दारू मिळत नाही. ड्रोनसाठी आधी परवानगी लागते.

९. तब्येत

२०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त असल्याचं जाहीर केलं, पण डेंग्यू आहे. संध्याकाळीच नव्हे, दिवसाही डास चावू देऊ नका. माकडं हातातला खाऊ ओढतात, ओरखडा आला तरी साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. सिगिरियाजवळच्या हबराना आणि उडावलवेच्या बाजूला रात्री रस्त्यावर हत्ती येतात, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. हत्ती आडवा आला तर हॉर्न न वाजवता लांब थांबा, आणि काचेतून फळं देऊ नका, त्यानेच ते गाड्या अडवायला शिकतात.

फोनमध्ये दोन क्रमांक आधीच साठवा. रुग्णवाहिकेसाठी १९९०, ती मोफत आहे. भारताच्या अनुदानातून २०१६मध्ये सुरू झालेली ही सेवा आता देशभर चालते. पर्यटक पोलिसांसाठी १९१२. आणि प्रवासविम्याच्या कागदावर ट्रेकिंग, सर्फिंग, राफ्टिंग हे शब्द आहेत का ते बघा. नसतील तर विमा बदलून घ्या, मगच निघा.